रक्तगट जुळला म्हणजे सारे जुळले काय?

मागच्या लेखात आपण रक्तदानाची माहिती घेतली. तो वाचून किन्हवलीच्या एका वाचकांनी पत्र पाठवले आहे. ते विचारतात, "रक्तगट एक असला की भावाचे मूत्रपिंड भावाला किंवा बहिणीचा मगज भावाला चालतो, असेच ना?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. हाच गैरसमज धरून चाललेले एक कुटुंब मी जवळून पाहिले आहे. म्हणून आजचा लेख त्याच विषयावर.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मुरबाड तालुक्यातील घाटाच्या पायथ्याच्या एका गावातून शेतकरी नवरा-बायको आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. महिनाभर पोराला दम लागत होता. पायांवर काळेनिळे डाग उठले होते, दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. गावात कोणी 'बाहेरचे' म्हणाले, कोणी कावीळ म्हणाले. मी रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन पाच, प्लेटलेट अवघ्या नऊ हजार, आणि पांढऱ्या पेशीही फारच थोड्या. तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम कमी, हे लक्षण चांगले नव्हे. मी त्यांना त्याच दिवशी मुंबईला धाडले. तेथे हाडातील मगज काढून पाहिला आणि निदान झाले : अप्लास्टिक अॅनिमिया.

आपल्या शरीरातील सारे रक्त हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजेच अस्थिमज्जेत तयार होते. मगज हे रक्ताचे शेत समजा. या आजारात शेतच ओसाड पडते. बाहेरून रक्त चढवणे म्हणजे विकतचे धान्य आणून घर चालवणे. त्याने दिवस ढकलता येतात, शेत पिकत नाही. तरुण रोग्यासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे भावंडाचा जुळणारा मगज मिळवून तो रोग्याच्या शरीरात रुजवणे.

घरात दोन भावंडे होती. थोरला भाऊ बावीस वर्षांचा, बहीण एकोणीसची. आजारी मुलाचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आणि थोरल्याचाही तोच. बहिणीचा मात्र बी पॉझिटिव्ह. घरच्यांनी परस्पर ठरवून टाकले की थोरलाच देणार. बहिणीला कोणी विचारलेही नाही. एक तर रक्तगट वेगळा, आणि त्यात तिच्या लग्नाची बोलणी चाललेली.

नातेवाइकांची जीप परत का पाठवली?

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. मुलाला रक्त लागणार असे कळताच काका, मामा, चुलतभाऊ असे सारे एका जीपमध्ये बसून रक्त द्यायला निघाले. वाटेत माझ्याकडे थांबले. मी त्यांना सांगितले, "तुम्ही रक्त जरूर द्या, पण ते रक्तपेढीला द्या. या मुलाच्या अंगात तुमच्यापैकी कोणाचेही रक्त जाऊ देऊ नका." त्यांना माझा राग आला. घरचे रक्त सोडून परक्याचे का घ्यायचे, असा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदी स्वाभाविक होता.

कारण असे की, दिलेल्या रक्तात पांढऱ्या पेशीही असतात, आणि त्यांच्यावर त्या घराण्याच्या खुणा असतात. त्या खुणा रोग्याच्या शरीराला आधीच 'परक्या' म्हणून ओळखीच्या झाल्या, तर पुढे त्याच घरातून मगज आला की शरीर तो झिडकारण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्याला मगज बसवण्याची शक्यता आहे, त्याला रक्ताच्या नात्यातील माणसांचे रक्त देत नाहीत. जे रक्त द्यायचे, तेही पांढऱ्या पेशी गाळून व किरणांची प्रक्रिया करून देतात.

पेशींवरच्या खुणा

या खुणा म्हणजेच आजचा आपला विषय. रक्तगट हा मुख्यतः लाल पेशींवरचा शिक्का. पण शरीरातील जवळजवळ सर्वच पेशींवर आणखी एक शिक्का असतो. त्याला एच. एल. ए. म्हणतात. आपण त्याला 'ऊतक-प्रकार' म्हणू. शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, हाच शिक्का पाहून आपला कोण आणि परका कोण हे ठरवतात. तो वेगळा दिसला की हल्ला होतो. मगजाच्या बाबतीत हल्ला दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. रोग्याचे शरीर नवा मगज झिडकारते, किंवा नव्या मगजातून तयार झालेल्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या कातडीवर, आतड्यावर आणि यकृतावर उलटतात.

रक्तगट मोजकेच आहेत. ऊतक-प्रकाराचे तसे नाही. हे शिक्के घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात. त्यांतील ए, बी, सी, डीआर आणि डीक्यू ही मुख्य. या जनुकांचे आजवर जगभरात नोंदलेले वेगवेगळे नमुने चाळीस हजारांहून अधिक आहेत.

जुनी रीत : रंगावरून ओळख

फ्रेंच डॉक्टर झाँ दोसे यांनी १९५८ साली यांपैकी पहिली खूण शोधली. त्याच काळात असेही लक्षात आले की, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात या खुणा ओळखणारी प्रतिद्रव्ये सापडतात. पोटातील बाळावर बापाकडचे शिक्के असतात, आणि आईचे शरीर ते ओळखून ठेवते. पुढे कित्येक वर्षे जगभरातील प्रयोगशाळांत आयांच्या रक्तातून मिळालेल्या या द्रवावरच ऊतक-प्रकार ठरवले जात. १९६४ मध्ये अमेरिकेत पॉल तेरासाकी यांनी थेंबभर द्रवात ही तपासणी करण्याची पद्धत बसवली. पांढऱ्या पेशींत द्रव मिसळायचा. पेशी मेल्या तर खूण आहे, जगल्या तर नाही.

या पद्धतीने मोठे काम केले. १९८३ च्या मार्चमध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी मगज-रोपण केले. रोगी रक्ताच्या कर्करोगाची नऊ वर्षांची मुलगी होती आणि मगज तिच्या भावाचा होता. त्या काळी जुळणी पाहण्यासाठी हीच जुनी रीत हाताशी होती.

पण तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे तिला भरपूर आणि जिवंत पांढऱ्या पेशी लागत. ज्याच्या अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत, अशा आमच्या या मुलाची तपासणी त्या रीतीने करणे अवघडच होते. दुसरी उणीव अशी की, ती खूण ओळखे, पण ढोबळ. म्हश्याच्या जत्रेत बैल ओळखताना 'पांढरा, उभ्या शिंगांचा' एवढेच सांगितले, तर असे दहा बैल निघतील. हल्ली जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. तो वाचला की घोटाळा होत नाही. ऊतक-प्रकाराचा असा बिल्ला म्हणजे डी. एन. ए.

नवी रीत : अक्षर अन् अक्षर वाचणे

डी. एन. ए. ही चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी आहे. ए, टी, जी आणि सी ही ती अक्षरे. दर तीन अक्षरांवरून प्रथिनाचा एकेक मणी ठरतो. अक्षर बदलले की पुष्कळदा मणी बदलतो, आणि मणी बदलला की शिक्क्याचा आकार बदलू शकतो. 'काका'मधील एक काना बदलून वेलांटी दिली की 'काकी' होते, तसाच हा प्रकार.

ही अक्षरे ओळीने वाचण्याची सुटसुटीत युक्ती इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये शोधली. योगायोग असा की, १९८० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोसे यांना दोघा सहसंशोधकांसह मिळाले, आणि त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये सँगर यांचा वाटा होता. एकाने शिक्का शोधला, दुसऱ्याने तो वाचण्याची लिपी दिली. १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना डी. एन. ए.च्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पी. सी. आर. पद्धत सुचली आणि दोन्ही गोष्टींची सांगड बसली. कोविडच्या साथीत पी. सी. आर. हे नाव आपल्या घराघरांत पोचले. ती हीच पद्धत.

आता तपासणी अशी होते. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडे रक्त घेतात. रोग्याला बरेच रक्त चढवलेले असेल किंवा पांढऱ्या पेशी फारच कमी असतील, तर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. त्यातील पेशींतून डी. एन. ए. वेगळा करतात, सहाव्या गुणसूत्रावरील हव्या त्या जनुकांच्या प्रती काढतात आणि यंत्रावर अक्षरे वाचून ती जगभरच्या नोंदींशी ताडतात. पेशी जिवंत असण्याची गरज नसल्याने नमुना दुसऱ्या शहरात पाठवला तरी चालतो.

निकाल कसा लिहितात तेही पाहू. समजा, कागदावर 'ए ०२:११' असे आहे. आपल्या सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो ना? तसेच हे आहे. 'ए' हे गाव, ०२ हा सर्व्हे नंबर आणि ११ हा हिस्सा नंबर. जुन्या रीतीत बहुधा सर्व्हे नंबरपर्यंतच कळे. सर्व्हे नंबर एक असला तरी हिस्सा वेगळा म्हणजे मालक वेगळा, हे शहापूर-मुरबाडच्या वाचकांना मी सांगायला नको. युरोपातील लोकांत ०२ चा मुख्य हिस्सा ०१ हा आहे. आपल्याकडे मात्र ११ हा हिस्सा प्रामुख्याने आढळतो, असे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवले.

आणखी एक अडचण होती. प्रत्येकाजवळ पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. सँगर यांच्या पद्धतीत दोन्ही एकदम वाचल्या जातात. दोन माणसांनी एकाच वेळी हरिपाठ म्हणावा, दोन ठिकाणी त्यांचे शब्द वेगळे पडावेत, आणि कोणता शब्द कोणाचा ते ऐकणाऱ्याला कळू नये, तसे होई. गेल्या पंधरा वर्षांत आलेली नवी यंत्रे लाखो तुकडे एकाच वेळी, पण प्रत्येक तुकडा वेगळा वाचतात. त्यामुळे हा गोंधळही बराच मिटला आहे.

भावंडांचा हिशेब

बापाच्या दोन प्रतींना क आणि ख म्हणा, आईच्या दोन प्रतींना ग आणि घ. मूल जन्मताना प्रत्येकाकडून एकेक प्रत घेते. म्हणजे चारच जोड्या शक्य : क-ग, क-घ, ख-ग, ख-घ. यावरून एक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धे जुळण्याची चारात दोन आणि मुळीच न जुळण्याची चारात एक. दोन भावंडे असतील, तर निदान एक पूर्ण जुळण्याची शक्यता शेकडा ४४. तीन असतील तर शेकडा ५८. आई-बाप नेहमी निम्मे जुळतात.

रक्तगटाचे जनुक नवव्या गुणसूत्रावर, तर ऊतक-प्रकाराची जनुके सहाव्यावर. दोन्ही स्वतंत्रपणे वाटली जातात. म्हणून रक्तगट जुळला म्हणजे ऊतक-प्रकार जुळला असे होत नाही, आणि रक्तगट वेगळा म्हणून तो जुळणार नाही असेही नाही.

मी त्या बापाला एवढेच म्हटले, "भाऊ, तपासणी तिघांचीही करू. मुलीचे रक्त तपासल्याने तिचे काय जाणार आहे?" निकाल आला तेव्हा ते कागद घेऊन माझ्याकडे आले. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या कागदावर 'ए'पुढे ०२ हाच आकडा पाहून बाप आनंदला होता. मी पुढचा आकडा दाखवला. एकाचा ११, दुसऱ्याचा ०६. बी आणि डीआर तर अगदीच निराळे. थोरला मुळीच जुळत नव्हता. बहीण मात्र दहापैकी दहा जुळत होती.

घरात शांतता पसरली. मग आजी बोलली, "पोरीच्या हाडातून काढणार, मग उद्या तिला लेकरं व्हायची कशी? सोयरे काय म्हणतील?" मी आजींना समजावले की, मगज पाठीच्या कण्यातून नव्हे, तर कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने, भूल देऊन, सुईने काढतात. त्यात काही कापत नाहीत. काही दिवस कंबर दुखते, थोडा अशक्तपणा राहतो, आणि काही आठवड्यांत मगज पुन्हा भरून येतो. लग्नाला, गर्भधारणेला, शेतातल्या कामाला त्याने बाध येत नाही. भूल देण्याचा जो थोडा धोका असतो, तोही मी लपवला नाही. मुलगी सारे ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही, डॉक्टर. मी देते." वाचकहो, मला या साऱ्या प्रकरणात हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. मगज द्यायचा की नाही, हे देणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते. तिच्या वतीने घराने 'नाही' म्हणून ठेवले होते. उद्या एखादे घर तसेच 'हो'ही म्हणेल. दोन्ही चूक.

रक्तगट वेगळा असल्याने बहिणीच्या मगजातील लाल पेशी काढून टाकून तो दिला. तीन महिने कठीण गेले. ताप आले, पैशाची ओढाताण झाली. पण शेत पुन्हा पिकू लागले. आज तो मुलगा कामाला लागला आहे. त्याचा रक्तगट आता बी पॉझिटिव्ह आहे, बहिणीचा. बहिणीचे लग्न झाले आणि तिला एक मूलही आहे.

घरात जुळले नाही तर?

सगळ्यांचे असे जमत नाही. मग बाहेरचा दाता शोधावा लागतो, आणि तेथे हिस्सा नंबरापर्यंतची जुळणी अत्यावश्यक ठरते. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक इच्छुक दात्यांची नावे आहेत. भारतातील नोंदी मात्र काही लाखांच्याच घरात आहेत. चेन्नईची 'दात्री' ही संस्था २००९ पासून हे काम करते. ऊतक-प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात, आणि आपल्याकडे लग्ने बहुतेक जातीतच होतात. त्यामुळे आगरी, कुणबी, ठाकूर, वारली किंवा कातकरी रोग्याला जुळणारा परका दाता मिळण्याची आशा त्याच्याच समाजात अधिक. आपल्या भागातील तरुणांनी नोंदणी केली नाही, तर आपल्या मुलांसाठी ती पाने कोरीच राहणार. नोंदणीसाठी गालातील काडी पुरते. वय १८ ते ५० असावे. मात्र वेळ आल्यावर मागे फिरणार असाल, तर नाव न दिलेलेच बरे. अलीकडे आई-बाप किंवा निम्म्या जुळणाऱ्या भावंडाचा मगज देण्याचे तंत्रही पुढे आले आहे, म्हणून जुळला नाही तरी आशा सोडू नये.

मूत्रपिंडाचे गणित थोडे वेगळे आहे. तेथे रक्तगट आधी पाहतात. औषधे सुधारल्यामुळे ऊतक-प्रकार पूर्ण जुळलाच पाहिजे असे नाही. पत्नीचे मूत्रपिंड पतीला सर्रास बसवतात. पण रोग्याच्या रक्तात दात्याच्या शिक्क्याविरुद्ध प्रतिद्रव्ये नाहीत, हे 'क्रॉसमॅच' करून पाहावेच लागते. नेत्रदानाला सहसा यातील काहीच लागत नाही. म्हणून डोळे कोणाचेही चालतात.

हीच तपासणी औषधांच्या बाबतीतही उपयोगी पडते. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपीन या गोळीने क्वचित एखाद्याची कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. 'बी १५:०२' हा प्रकार असणाऱ्यांत हा धोका जास्त असतो, असे २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवले; भारतीय रुग्णांतही तसे आढळले आहे. ही गोळी नव्याने सुरू केल्यावर अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

हे लक्षात ठेवा

१. रक्तगट आणि ऊतक-प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मगज-रोपणात ऊतक-प्रकार महत्त्वाचा.

२. मगज-रोपणाची शक्यता असलेल्या रोग्याला रक्ताच्या नातेवाइकांचे रक्त देऊ नये. नातेवाइकांनी रक्तपेढीत रक्तदान करावे.

३. सर्व सख्ख्या भावंडांची तपासणी करावी. रक्तगट वेगळा किंवा मुलगी आहे म्हणून कोणाला वगळू नये.

४. दाता व्हायचे की नाही, हे त्या व्यक्तीला एकांतात, दडपण न आणता विचारावे.

५. खर्चासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी. थॅलॅसेमियाच्या मुलांच्या मगज-रोपणासाठी कोल इंडियाची मदत योजना २०१७ पासून आहे. तिच्या अटी तेथेच समजतात.

किन्हवलीच्या वाचकांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेल अशी आशा आहे. पुढच्या आठवड्यात सिकलसेल या आजाराविषयी बोलू.